थाळीजास्वंदीची शेवटची कळी

डोळे मिटा पाहू. आता आपल्या घरातलं जेवणाचं ताट आठवा, रोजचंच, स्टीलचं. त्याचा काठ मऊ करा, कागदासारखा पातळ करा. त्याला पाच पाकळ्या पाडा. रंग द्या सायीसारखा पांढरा, आणि मधोमध कुंकवासारखा लालभडक गोल काढा. आता हे ताट एका हिरव्या काठीच्या टोकावर, तुमच्या खांद्याइतक्या उंचीवर ठेवून द्या. वारा आला की डुलतंय ना? मग उघडा डोळे. असं फूल खरोखर असतं. हैदराबादला, विद्यानगरच्या एका गल्लीत, केतकीच्या अंगणात ते फुलतं.

केतकी पाचवीत होती. तिचं घर बैठं, आणि घर व कंपाउंडची भिंत यांच्यामधे मातीचा एक लांबट पट्टा. त्यात कढीपत्ता, दूर्वा, लाल जास्वंदीची दोन जुनी झाडं आणि ही नवी पाहुणी. तिला ‘थाळीजास्वंद’ हे नाव आजोबांनी दिलं. आजोबा म्हणजे एकनाथराव. जन्मभर कोर्टात वकिली केलेले. त्यामुळे घरात एखाद्या गोष्टीला नाव पडलं की ते अपील न करता मान्य करावं लागे.

तुम्ही नेहमीची लाल जास्वंद पाहिली असेल. ती बारा महिने हिरवी असते. थाळीजास्वंद ही तिची थंड मुलखातली चुलत बहीण. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून ही शहाणी वरचं सगळं वाळू देते आणि मातीखाली मुळांत झोपून राहते. हैदराबादेत कुठली जमीन गोठायला! पण सवय ती सवय. पहिल्याच डिसेंबरात इथेही काठ्या वाळल्या, तेव्हा आजोबा म्हणाले होते, “खटला निकाली निघाला.” चारुआत्याने फोनवरून स्थगिती आणली. “बाबा, उपटू नका. वीतभर ठेवून काठ्या छाटा आणि वरून पालापाचोळ्याचं पांघरूण घाला.” होळी झाली, ऊन तापलं, आणि त्या पांघरुणातून लालसर कोंब वर आले. तेव्हापासून दरवर्षी तसंच. ऊन तिला दिवसभर हवं, आणि पाणी तर इतकं, की आई म्हणायची, “हे झाड आहे की म्हैस?” मुळात ती पाणथळ जागेतली, तिचा काय दोष!

चारुआत्या म्हणजे आजोबांची धाकटी मुलगी, चारुलता. ती कुकटपल्लीला एका मोठ्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायची. तिने एकदा नर्सरीतून दोन मुळं आणली होती, दिसायला अगदी सुरणाच्या फोडी. एक इथे अंगणात लावलं, दुसरं तिने गच्चीवरच्या निळ्या ड्रममधे. इथलं पांढरं निघालं, तिथलं शिजवलेल्या बिटाच्या रंगाचं.

आणि आता आत्याची बडोद्याला बदली झाली होती. दिवाळी झाली की ती जाणार, सामानाबरोबर ड्रमही जाणार. “नवऱ्याला मागे ठेवीन, पण ड्रम नाही,” असं ती म्हणाली, तेव्हा सगळे हसले. केतकीलाही हसू आलं, पण घरी येताना ऑटोत ती बोटांवर दिवाळीपर्यंतचे महिने मोजत होती.

याचं कारण असं, की केतकीला बागकाम शिकवलं ते आत्याने. पानाखाली कापसासारखी कीड दिसली की कडुनिंबाचं पाणी कसं मारायचं, काठी पोकळ असते म्हणून वाऱ्याआधी आधार कसा द्यायचा, सगळं. आणि जून महिन्यात तिने आणखी एक गोष्ट शिकवली होती. फुलाच्या मधोमध जी दांडी असते, तिच्यावर पिठासारखा पराग असतो. दांडीच्या अगदी टोकाला पाच गोल गोल डोकी असतात. एका झाडाचा पराग ब्रशने दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या त्या डोक्यांना लावला, तर जे बी धरतं ते दोघांचं.

“म्हणजे बेबी कुठल्या कलरचं होणार?” केतकीने विचारलं होतं.

“कुणाला माहीत! गुलाबी, लाल, नाहीतर आपल्या आजोबांसारखं पांढरं. पेरायचं आणि वाट पाहायची.”

बदलीचं कळलं तेव्हाच केतकीने ठरवलं होतं. आत्या गेल्यावर अंगणात एक झाड असेल, अर्धं इथलं आणि अर्धं आत्याचं. आणि त्यासाठी हाच एक मोसम हातात होता.

पहिल्या खेपेला तिने आत्याच्या फुलाचा पराग आणून लावला, पण तासाभरात पाऊस आला आणि सगळं धुऊन गेलं. ओला पराग फुकट जातो. दुसऱ्या खेपेला फूल चार दिवसांनी देठासकट गळून पडलं. आता सप्टेंबर आला होता. अंगणातल्या झाडावर एकच कळी उरली होती. ती टप्पोरी, टोकाशी पांढरी झालेली, म्हणजे उद्या उमलणार. आणि उद्या होती गणेशचतुर्थी.

केतकीने तयारी चोख केली. आदल्या दिवशी सकाळी आत्याकडून आणलेला पराग एका डबीत कोरड्या तांदळाच्या दाण्यांसोबत फ्रिजमधे ठेवला. आणि ही कळी आपली आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा काढून देठाला सैलसर बांधला. कुणाला काही सांगितलं मात्र नाही. आजोबांना सांगावं तर ते उलटतपासणी घेणार. बी धरलं, बोंड फुगलं, की मगच सांगायचं, सरप्राइज.

आता या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. विद्यानगरात पहाटे फिरायला निघणारी मंडळी पुष्कळ. त्यांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कॅरीबॅग. काठी कुत्र्यांसाठी असते असं ते म्हणतात. पण भिंतीबाहेर डोकावणारी जास्वंद सात वाजेपर्यंत एकाही घराची शिल्लक राहत नाही. सगळी दुसऱ्याच कुणाच्या तरी देवावर जाते. आजोबांनी त्यांच्याशी भांडून पाहिलं. “देवाचं फूल आहे साहेब, देवालाच चाललंय,” या युक्तिवादापुढे त्यांची सगळी कलमं लुळी पडली. तेव्हापासून ते संध्याकाळीच, दिवेलागणीला, उद्या उमलणाऱ्या लाल कळ्या खुडून आणत आणि पाण्याच्या वाडग्यात ठेवत. जास्वंदीची कळी मोठी गुणाची. खुडली तरी सकाळी आपल्या वेळेला उमलते.

चतुर्थीच्या सकाळी केतकी उठली ती थेट फ्रिजकडे गेली. डबी घेतली, रंगकामाचा बारीक ब्रश घेतला आणि अंगणात आली. झाडावर पानं होती, काठ्या होत्या. जिथे कळी होती तिथे नुसता हिरवा, नखाने तोडलेला देठ होता.

ती तशीच उभी राहिली. मग वळून देवघरात गेली. पितळी वाडग्यात लाल जास्वंदी फुलल्या होत्या, आणि त्या सगळ्यांना झाकून टाकत, वाडग्याबाहेर सांडल्यासारखं, ते पांढरं फूल पसरलं होतं. शेजारच्या चौरंगावर कालच आणलेला मातीचा गणपती अजून रुमालाखाली होता.

आजोबा सोवळं नेसून चंदन उगाळत होते. “आलीस का? बघ, कसं उमललंय! पांढरं आहे खरं, पण मधोमध लाल आहे ना? बाप्पाच्या कायद्यात बसवता येतं.”

“आजोबा, तुम्ही ती तोडलीत?”

“तोडली म्हणजे? तू राखून ठेवली होतीस ना बाप्पासाठी? लाल दोरा पाहिला आणि म्हटलं, पोरगी आपल्यावर गेली. आज तुझ्या नावाने वाहणार आहे मी ते.”

“तो दोरा बाप्पासाठी नव्हता.”

“मग?”

“बियांसाठी होता.” आणि मग तिला थांबता येईना. रडत, नाक ओढत तिने सगळं सांगितलं. पराग, पाऊस, गळलेलं फूल, निळा ड्रम, बडोदा. “लास्ट कळी होती, आजोबा. आता काहीच नाही.”

आजोबांनी सहाण बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले, “मला सांगितलं का नाहीस बाळ?”

“तुम्ही हजार प्रश्न विचारता.”

“हं. आणि नेमका या वेळी एकही न विचारता निकाल देऊन बसलो.”

आई स्वयंपाकघरातून आली. तिच्या हाताला मोदकाच्या पारीची उकड लागलेली होती. तिने दोघांची तोंडं पाहिली. “काय झालं बाबा?”

“माझ्या हातून घोटाळा झालाय,” आजोबा म्हणाले. “चारूला फोन लाव. स्पीकरवर.”

आत्याने सगळं ऐकून घेतलं. केतकीने विचारलं, “आत्या, हे फूल पाण्यातच ठेवलं आणि त्याला तुझा पराग लावला तर?”

“नाही गं. बी पिकायला महिना-सव्वा महिना लागतो. तेवढे दिवस त्याला झाडाने जेवू घालायला हवं. तुटलेल्या फुलाला कोण जेवू घालणार?”

केतकी पुन्हा रडायच्या बेतात आली. तेव्हा आत्या म्हणाली, “थांब. रडायच्या आधी मला एक सांग. बी कुठे धरतं?”

“फुलाच्या खाली. हिरव्या वाटीत.”

“त्याला झाड हवं. बरोबर. आणि पराग कुठे असतो?”

“दांडीवर.” केतकीने वाडग्याकडे पाहिलं. दांडीवर पिवळसर पीठ आत्ता कुठे फुटत होतं. “यावर पण आहे. खूप आहे.”

“त्याला जेवण लागतं का?”

“नाही... तो कोरडा ठेवला की...” केतकी बोलता बोलता थांबली. मग एकदम ओरडली, “आत्या! तुझ्याकडे कळी आहे?”

“आहे एक. अर्धी उमललीये. आणि ती पण माझी शेवटचीच, बरं का. काल तुला पराग दिला ते फूल तिच्या आधीचं.”

“तिला पिशवी बांध! आत्ताच्या आत्ता! मधमाशी यायच्या आधी! मी इथला पराग तिकडे आणते.”

“उलटं का होईना,” आत्या हसली. “बांधते. आणि कात्री घेऊन तिचा स्वतःचा पराग काढून टाकते, म्हणजे भेसळ नको. पण तिन्हीसांजेच्या आत ये. संध्याकाळी फूल मिटलं की मिटलं.”

फोन ठेवल्यावर आजोबा उठले आणि त्यांनी वाडगा केतकीपुढे सरकवला. “घे तुझा पराग आणि नीघ. पूजा काय, मी करतो मागाहून.”

आई म्हणाली, “हो गं, घे पटकन.”

केतकीने ब्रश उचलला. फुलाजवळ नेला. मग आजोबांकडे पाहिलं. ते केविलवाणे होऊन तिच्याकडेच पाहत होते. कोर्टातले एकनाथराव असे कुणीच कधी पाहिले नसतील. तिने ब्रश खाली ठेवला.

“आधी तुम्ही वाहा. माझ्या नावाने म्हणालात ना? मग मी बाप्पाकडे मागून घेईन.”

“पूजेला वेळ लागतो. उशीर होईल.”

“संध्याकाळपर्यंत वेळ आहे, आत्या म्हणाली. फक्त एक करा. या फुलावर पाणी नका शिंपडू.”

मुलांनो, पूजा म्हणजे पाण्याचंच काम. हे धुवा, ते शिंपडा, पळीने सोडा. एकनाथरावांचा हात जन्मभर त्या वळणाने गेलेला. पण त्या दिवशी त्यांनी पांढरं फूल सगळ्यात शेवटी घेतलं, दोन्ही हातांत, कोरडं, दिवा वाऱ्यापासून जपावा तसं. गणपतीपुढे ते ठेवलं तर गणपतीच दिसेना. आई हसू दाबत म्हणाली, “बाबा, बाप्पाला गुदमरेल.” मग ते पायांशी, जरा कलतं ठेवलं. पळी उचलली की आजोबा आपलाच डावा हात फुलावर छत्रीसारखा धरत. आरती झाली. नैवेद्य दाखवला. केतकीने हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलले. काय मागितलं ते तिचं तिला माहीत.

“हं,” आजोबा म्हणाले. “आता तो प्रसाद. फूल हलवू नकोस, जागच्या जागीच घे.”

आईने मोबाइलचा दिवा धरला. केतकीने श्वास रोखून ब्रश दांडीवरून फिरवला. पराग ब्रशला चिकटला, आणि ब्रश आईच्या कानातल्यांच्या रिकाम्या, कोरड्या डबीत झटकला. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. डबीचा तळ पिवळा झाला. झाकण लागलं.

आता प्रश्न असा, की न्यायचं कुणी? केतकीचे बाबा ऑफिसच्या कामाने चेन्नईला होते, ते रात्री येणार. आणि घरात गणपती बसला की घर रिकामं ठेवत नाहीत. आई म्हणाली, “मी नेते, तुम्ही बसा.”

“नाही,” आजोबा म्हणाले. “चूक माझी, चक्कर माझी. तू बाप्पाला सोबत कर.” आणि त्यांनी सोवळं सोडून शर्ट घातला. आईने एका डब्यात मोदक भरून दिले, कारण आत्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं!

गल्लीच्या तोंडाशी ऑटो मिळाला. मेट्रोपर्यंतच जायचं होतं, पण सणाची गर्दी, जागोजागी मांडव, ढोल. केतकीने डबी दोन्ही मुठींत धरून छातीशी लावली होती. ऑटोवाला आरशातून पाहत होता.

“क्या है बेटा डब्बी में? सोना है क्या?”

“नै अंकल, पावडर है.”

“कायकी पावडर?”

“फूल बनाने की.”

त्याने मान वळवली. मग आजोबांना म्हणाला, “साब, आपकी पोती बहोत होशियार है. मेरेकू उल्लू बना री.”

“हौ,” आजोबा म्हणाले. “मेरेकू भी बनाई.”

मेट्रोत बसायला जागा मिळाली. बाहेर ढग उतरत होते. आजोबा काचेतून पाहत होते. ते म्हणाले, “चारू लहान होती, तेव्हा गोकर्णाच्या वेलाच्या बिया खिशात घालून शाळेत जायची. धुताना खिशात बिया, फ्रॉकला डाग. तिची आई ओरडायची.” आणि जरा थांबून, “बडोदा फार लांब नाही म्हणा. एका रात्रीचा तर प्रवास.”

“तुम्हाला पण वाईट वाटतंय, आजोबा?”

“वकिलाला असे प्रश्न विचारायचे नसतात,” ते म्हणाले. पण त्यांनी तिचा एक हात डबीवरून सोडवून आपल्या हातात घेतला.

आत्या लिफ्टपाशीच उभी होती. “चला चला, आधी गच्ची, मग पाणी.” निळ्या ड्रममधे बिटाच्या रंगाचं फूल पूर्ण उमललं होतं, आणि त्याच्यावर आत्याच्या जुन्या पातळ ओढणीची पिशवी बांधलेली होती. ती सोडली. दांडीवरचा पराग कापून काढलेला, फक्त टोकाला ती पाच डोकी चकाकत होती.

“कर,” आत्या म्हणाली. “मी हात लावणार नाही.”

केतकीने डबी उघडली. ब्रश पिवळा केला. एक डोकं. दुसरं. आजोबांनी मागून तिचं कोपर धरलं. तिसरं, चौथं, पाचवं. पाचही डोक्यांना पराग लागला, अगदी पिठीसाखर भुरभुरल्यासारखा.

“झालं?” आजोबांनी कुजबुजत विचारलं.

“लावून झालं,” आत्या म्हणाली. “लागलं की नाही ते आठ-दहा दिवसांनी कळेल. फूल गळून हिरवी वाटी राहिली आणि फुगायला लागली, तर धरलं. मग बोंड तपकिरी होईपर्यंत मी त्याला जपते. दिवाळीच्या आधी पिकेल. आता फक्त दोन-तीन तास हे कोरडं राहायला हवं.”

ते शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडतात तोच केतकीच्या नाकावर एक थेंब पडला. मग एक गच्चीच्या फरशीवर, रुपयाएवढा. दूर कुठेतरी ढग गुरगुरला.

“ओढणी!” आजोबा म्हणाले.

“ओढणी भिजेल, आणि भिजली की फुलाला चिकटेल,” आत्या म्हणाली. “ड्रम तर चार माणसांनाही हलायचा नाही. थांबा, काहीतरी बघते.”

केतकी मात्र थांबली नाही. ती जिन्याकडे धावली. दारामागे खुंटीला आत्याची मोठी काळी छत्री होती, ती काढून ती धावतच परत आली. धडपडत छत्री उघडली आणि ड्रमच्या अगदी जवळ जाऊन फुलावर धरली. स्वतःचं डोकं, पाठ, वेण्या सगळं बाहेर. पाऊस धो धो सुरू झाला.

“अगं, तू भिजतेस! आण इकडे, मी धरते,” आत्या ओरडली.

“केतकी, जेवायचं नाही का? मोदक गार झाले,” आजोबा जिन्याच्या पत्र्याखालून म्हणाले.

केतकीने मान हलवली. तोंडावरचं पाणी खांद्याला पुसलं, पाय जरा फाकून घट्ट रोवले, छत्रीची दांडी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली,

“मला इथेच भरवा.”